कुडातलं गुंतवळ

९ सप्टेंबर, वैशाखरे
आलो एकदाचे! उपकेंद्रात नर्स म्हणून आज रुजू झाले. सकुबाईंनी त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. आतली अजून कुडाची आहे, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली. परसापलीकडे भात पोटरीला आलंय. सुजाता बांधावरचे खेकडे बघून हरखूनच गेली. प्रशांतची नोकरी शहापुरात, तो रविवारी लेकीला भेटायला येईल. बदलीच्या नावाने मी किती बोटं मोडली होती, पण खरं सांगू? मला इथे फार बरं वाटतंय.

१३ सप्टेंबर
सुजाताचे केस मूठमूठ गळताहेत. पोर रडकुंडीला आली. आषाढात तिला टायफॉईड झाला होता, त्याचाच हा प्रताप. तिला समजावलं, की केस वाढतो, मग विसावतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. मोठा ताप आला की पुष्कळ केस एकदमच विसावतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तिने विचारलं, नक्की येतील ना? म्हटलं, दूर्वांसारखे फुटतील बघ.

इथल्या बायका विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ कुडाच्या फटीत खोचतात. साठलं की केसांवर भांडी देणाऱ्या बाईला देतात. आमच्या आतल्या खोलीत एका फटीत असंच जुनं, धुळकट गुंतवळ होतं. मला मेली किळस! आज ती बाई दारावर आली, देऊन टाकलं. बरंसं पातेलं मिळालं. मोकळ्या फटीत सुजाताचं खोचलं. झालो की आम्हीही गावकरी.

१७ सप्टेंबर
सकुबाई ती फट बघून भिंत चाचपायला लागल्या. ते त्यांच्या हौसाचं होतं. शाळकरी पोर, तापाने गेली. तापात डोकं पार उघडं पडलं होतं. माझे केस टाकू नको, मला परत लावायचेत, असं सारखं म्हणायची. आईने एकेक वेचून तिथे जपले होते. मी रडले, पाय धरले. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "तुज्या पोरीचं काढ गो बाय तिथनं. ती जागा हौसाची हाय. तिला दुसऱ्याचं कळायचं नाय, आपलंच म्हनून घेईल."

संध्याकाळी काढायला गेले. निघेना. काठीत अडकलं असेल.

२२ सप्टेंबर
सुजाताचं डोकं आणखी विरळ झालंय. आणि फटीतले केस वाढलेत. गुंतवळ सुटून सरळ झालंय, विंचरल्यासारखं, आणि भिंतीवरून वीतभर खाली आलंय. ओलाव्याने केस फुगतो, असं स्वतःला बजावलं. पण मुळाशिवाय केस वाढत नाही.

२५ सप्टेंबर
दुपारी दोन्ही हातांनी धरून ओढलं. पुढच्या खोलीत सुजाता किंचाळली, डोकं गच्च धरून. सोडलं — गप्प झाली. पुन्हा जरासंच — नाही. पुन्हा नाही ओढणार. मला भीती वाटतेय.

२७ सप्टेंबर
प्रशांतला बोलावून घेतलं. तिघं मुरबाडच्या एसटीत बसलो. गाडी सुटली आणि पोरीची मान मागे गेली — कुणीतरी ओढतंय म्हणून ओरडायला लागली. टाळूची कातडी ताणलेली मी डोळ्यांनी पाहिली. वेशीवर उतरलो. परत इथेच.

२९ सप्टेंबर
भिंतीतले केस जमिनीला टेकले. सुजाताला एकही उरला नाही. जेवत नाही. हात गार पडलेत — माझी पोर चाललीय, माझ्यासमोर —

३० सप्टेंबर
केसाला जीव नसतो. ओढलं तर दुखतं, कापलं तर नाही. मी शाळाशाळांतून हेच सांगते. मग कापावेत. तुटला संबंध की निघून जाऊ. प्रशांतने तिला मांडीवर धरलंय. सकुबाई दारात, नको गो, नको गो करताहेत —

कापले. सगळे. ती ओरडली नाही. हसली. हात गरम झाले. सुटलो —

मांडीवरून उठली. माझ्याकडे आली नाही. सकुबाईंच्या गळ्यात पडली. "आये," म्हणाली —

जीव मुळाशी असतो. मूळ तर भिंतीत —

भिंतीच्या आतून हाक येतेय. सुजाताचाच आवाज. आई, इथे अंधार आहे. आई, तू मला का काप—