सरहद्दीपलीकडच्या मागण्या

४ मार्च
आजपासून जादा पाळी. सरहद्दीपलीकडे राजाविरुद्ध बंड पेटलंय, आमच्या सरकारचा बंडवाल्यांना पाठिंबा, म्हणून त्यांची पत्रकं आमच्या सरकारी छापखान्यात छापायची. भाषा एकच, त्यामुळे सोय झाली. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, मुद्रितं तपासणाऱ्या मास्तरांनी समोर बसून प्रुफावर खुणा करायच्या — नेहमीसारखंच. सगळं खातं ऐकत असतं, त्याला इलाज नाही.

फोरमन म्हणाले, "देशसेवा समजा." समजले. पाय मात्र सुजलेत.

९ मार्च
पत्रकात सात मागण्या. आठ तास काम, चौकशीशिवाय अटक नको, निवडणुका घ्या... रोज वाचून वाचून मलाच काय, झाडूवाल्या मावशींनाही पाठ झाल्यात. धाकटा — माझा भाऊ, खाली मशीनवर असतो — डबा खाताना म्हणाला, "ताई, आपल्याकडे शेवटची निवडणूक कधी झाली गं?"

मुकाट्यानं जेव म्हटलं. नऊ वर्षं झाली. आजवर मोजली नव्हती.

१७ मार्च
आज चौदा तास. घसा बसला.

२१ मार्च
धाकट्यानं अर्ज लिहिलाय. त्याच सात मागण्या, शब्दसुद्धा तेच! म्हणाला, "सरकारला पसंत पडलेत ना? मग मी कशाला डोकं चालवू?" बासष्ट सह्या झाल्या. त्रेसष्टावी माझी — नको नको म्हणत केली. मास्तरांनी नाही केली. निवृत्तीला चार महिने उरलेत, त्यांना काय बोलणार?

२३ मार्च
फोरमननी अर्ज वाचला आणि मटकन खुर्चीत बसले. "अरे, हे तिकडच्यांसाठी होतं रे!"

खातं पोट धरून हसलं. मीही.

२८ मार्च
अर्ज वरपर्यंत गेला. लिहिणाऱ्यावर देशद्रोहाचा ठपका म्हणे! सकाळी धाकट्याच्या खोलीची झडती झाली. नशीब, तो माझ्याकडे चहाला आला होता. त्याला म्हटलं, असाच सरहद्दीकडे नीघ. ती माणसं तुला अंतर देणार नाहीत, त्यांचं अक्षर न् अक्षर आपण छापलंय. ऐकेना. "मी काय चोरी केलीय?" म्हणत हटून बसला. शेवटी मी आईची शपथ घातली. तेव्हा उठला.

इतका राग येतोय त्याचा! त्याचा चहाचा कप अजून विसळला नाही.

१२ एप्रिल
एका ट्रकवाल्यानं चिठ्ठी आणून दिली. सुखरूप पोचलाय. त्यांच्या छापखान्यात मशीन मिळालं. "इथे खरंच आठ तास आहेत," असं लिहिलंय. खूप रडले, मग पोटभर जेवले.

३० एप्रिल
तिकडे राजा पळाला. बंडवाले जिंकले. आम्हाला सुट्टी, रस्त्यावर बँडबाजा. मास्तर कानात म्हणाले, "आता धाकट्याची काळजी सोडा." सोडली.

१६ मे
दुपारी चौकीतला शिपाई आला. धाकट्याचे कपडे द्या म्हणाला. मी म्हटलं, तो इथे नाही, तिकडे सुखात आहे.

"होता, बाई. त्यांच्या नव्या सरकारला आपलं धान्य हवंय. आपल्या साहेबांनी बदल्यात इथून पळून गेलेली माणसं मागितली. काल त्यांनी आणून दिली."

दोन जोड आणि स्वेटर बांधून दिला. जा म्हणून मीच सांगितलं होतं.