भटूकाकांचा नॉर्मल रिपोर्ट

५ जानेवारी १९९७

आले एकदाची सुरतला. विठ्ठलमामा स्टेशनवर घ्यायला आले होते. रिक्षा लिंबायतच्या गल्लीत शिरली तशी दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड सुरू झाली. मामा काहीतरी सांगत होते, मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पण रिक्षातून उतरले आणि कानावर मराठी पडलं. आमच्या जिंतूरची नव्हे, खानदेशी मराठी, तरी जीव भांड्यात पडला.

मामांनी माझ्यासाठी माडीवरची खोली बघून ठेवली आहे. खाली घरमालक राहतात, भटूकाका आणि कलाबाई. काका शहराबाहेरच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात आहेत. मुलगी जयश्री कामरेजला दिली आहे. काकूंनी पिशवी हातातून काढून घेतली आणि आधी जेवायलाच बसवलं. कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी. इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. काका हसून म्हणाले, महिनाभरात तुझं तोंड आमच्यासारखं होईल.

उद्यापासून लॅब. स्वतःची नोकरी! आईला पत्र टाकायचं आहे.

१५ जानेवारी

लॅब म्हणजे मेडिकल स्टोअरच्या माडीवरची एक खोली. एक फ्रिज, रक्त फिरवायचं मशीन, एक कलरीमीटर, पेशंटला बसायला लाकडी बाक. डॉक्टरसाहेब संध्याकाळी येऊन रिपोर्टवर सह्या करतात. दिवसभर मी एकटीच. लोक मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागलेत. मी तंत्रज्ञ आहे हे सुरुवातीला सांगत होते, आता सांगत नाही. ऐकायला बरं वाटतं.

काल पतंगांचा सण. काका गच्चीवर चढून लहान मुलासारखे ओरडत होते. मांज्याने त्यांचं बोट कापलं, बारीकसंच. पण रक्त थांबेना. काकूंनी हळद दाबली, चिंधी बांधली, चिंधी भिजली.

२ फेब्रुवारी

काका मिलवर गेल्यावर आज काकूंनी मला खाली बोलावलं. गुजरातेत दारूबंदी, पण गल्लीच्या टोकाला गावठीची पोटली मिळतेच. काका वर्षानुवर्षं पीत होते. दिवाळीनंतर त्यांच्या पायांना सूज आली, तेव्हा काकूंनी देवीपुढे शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून थेंब नाही. सरकारी दवाखान्यात दाखवलं, तिथे पोटाची सोनोग्राफी सांगितली आहे, पुढच्या सोमवारची, दहाची तारीख आहे. काका जायला तयार नाहीत. खाडा पडतो म्हणतात.

काकूंनी विचारलं, तुझ्या लॅबमध्ये रक्तातून लिव्हरचं कळतं ना? मी म्हटलं, सगळं कळतं.

४ फेब्रुवारी

दुपारी काका लॅबमध्ये आले. बाही वर केली तर दंड अगदी बारीक, हाडाला कातडं. छातीवर कोळ्याच्या जाळीसारखे लाल ठिपके. तळवे लालभडक. मी म्हटलं, काका, रंग नीट धुऊन यायचं ना. ते म्हणाले, धुतलेतच. सुई काढल्यावर कापूस बराच वेळ दाबून धरावा लागला.

बिलीरुबिन नॉर्मल. एसजीपीटी नॉर्मल. मी दोनदा करून पाहिलं. रात्री साहेबांनी सही केली, पेशंट बघितला नाही.

घरी मी रिपोर्ट हवेत नाचवतच शिरले. म्हणाले, काका, तुमचं लिव्हर ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं! काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सोनोग्राफीचं विचारलं. मी म्हटलं, रक्तातच काही नाही तर फोटो काढून काय दिसणार? उगाच एक दिवस वाया जाईल.

असं मी म्हटलं.

१० फेब्रुवारी

सोमवार. काका मिलवरच गेले. संध्याकाळी परतले ते झिंगलेले. काकू चिडल्या तर म्हणाले, डॉक्टरीणबाईला विचार, मनं लिव्हर नवं कोरं शे. आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

मी हसले. काकूंकडे बघायला हवं होतं, बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी

रविवार. सकाळी काकूंची किंकाळी ऐकून खाली धावले. काका मोरीत ओणवे. रक्ताची उलटी. बादली भरली तरी येतच होतं. रिक्षात मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते सारखे माझ्याकडे बघत होते, घाबरून नाही, नवल वाटल्यासारखे. म्हणाले, 'पोरी, माले काय व्हयनं? तू ते सांगेल व्हतं—'

दवाखान्याच्या पायरीवर गेले.

२५ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांना मी भेटून आले. रिपोर्ट दाखवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तुमचे आकडे बरोबरच असतील. लिव्हरच्या पेशी फुटतात तेव्हा एसजीपीटी वाढतं. ह्यांचं लिव्हर कधीच आकसून दगड झालेलं होतं. फुटायला फार काही उरलंच नसेल तर आकडा वाढणार कसा? मग त्यांनी विचारलं, तळवे लाल नव्हते? रक्त थांबायला वेळ लागत नव्हता? सोनोग्राफीला का नाही आणलं?

मी म्हटलं, माहीत नाही.

काकूंना हे सांगायचं आहे. आज जमलं नाही.

८ मार्च

तेरावं झालं. जयश्री आईला कामरेजला न्यायला आली होती. काकू गेल्या नाहीत. म्हणाल्या, मी गेले तर ह्यांच्या जेवणाचं कोण बघेल? जयश्री पदर तोंडात धरून रडली. मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, आईकडे लक्ष ठेवा.

काकू दुपारी दोन ताटं वाढतात. दुःखात माणूस असं करतो. पण आज काकांसाठी वाढलेलं ताट उचलायला मी वाकले. भात कालवलेला होता. कडेला मिरचीचं देठ, चावून टाकलेलं. काकूंचं स्वतःचं ताट तसंच होतं, हात न लावलेलं.

१३ मार्च

घरात वास येतो. गोडसर, कुबट, सडलेल्या सफरचंदासारखा. काकूंना येत नाही. त्या खुशीत आहेत, पण वाळत चालल्यात. आज म्हणाल्या, त्यांची चाहूल लागते पण दिसत नाहीत. पोरी, तुला दिसतात का?

त्यांना खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हटलं, काकू, थोडं खाऊन घ्या.

१८ मार्च

भर दुपारी. लॅब रिकामी. मी टेस्ट ट्यूब धूत होते. वास आला म्हणून वळले.

बाकावर भटूकाका बसले होते. मिलचेच कपडे. पोट मडक्यासारखं फुगलेलं, पाय सुजून चपलेबाहेर आलेले, डोळे हळदीसारखे पिवळे. चेहरा मात्र तोच, साधा, संकोची. बाही वर करून ठेवलेली.

ते म्हणाले, 'लोके काहीबाही बोलतस, बेटा. रगत काढी दख. मी बरा शे ना?'

मी ओरडले नाही. का ते माहीत नाही. हात आपोआप दंडाला रबर बांधायला गेले. कातडं गार. पण रक्त आलं. मी ते तपासायला लावलं. 

सगळं नॉर्मल.

ते बघत होते, मान किंचित पुढे करून. मला सांगता आलं असतं. मी भ्याले. आणि भीतीपेक्षाही — खरं लिहिते — माझी चूक त्यांच्या तोंडावर मला म्हणायची नव्हती.

म्हटलं, बरे आहात, काका.

त्यांना केवढं बरं वाटलं.

१९ मार्च

आता काकूंना ते दिसतात. सकाळपासून घरात हसणं. मी वरून ऐकते. खाली जात नाही.

माझ्या एका शब्दाने हे झालं. मी बरे म्हटलं, म्हणून ते आहेत.

२२ मार्च

रोज येतात. रोज बाही वर. रोज मी तेच सांगते, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा जड होऊन परततात. पूर्वी जिन्यावर पाय वाजत नव्हते. आता वाजतात.

विठ्ठलमामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अश्विनीकुमार घाटावर मी स्वतः उभा होतो, पोरी, राख होईपर्यंत. तू गावी जा. मी जाणार होते. पिशवीही भरली. मग काकू पायरीवर दिसल्या.

त्यांचे दंड. हाडाला कातडं.

२३ मार्च

काकूंचे तळवे लाल आहेत. काकू कधी रंगखात्यात गेल्या नाहीत. कधी थेंब घेतला नाही.

मी जबरदस्तीने त्यांना लॅबमध्ये नेलं. रक्त काढलं. कापूस दाबून धरला, धरला, धरला —

नॉर्मल. सगळं नॉर्मल.

त्यांनी विचारलं, काय आलं? मी पुन्हा तेच म्हटलं. जिभेला सवय झाली आहे. नॉर्मल आहे, काकू.

मग दवाखान्यात चला म्हणून पाया पडले. त्या हसल्या. रिपोर्ट चांगला आला ना, मग कशाला?

२४ मार्च

गल्लीत रंग खेळतात. सगळ्यांचेच हात लाल.

ठरवलं आहे. त्यांना सांगायचं. तुम्ही गेलात, काका. आकडे बरोबर होते, मी चुकले. बास, एवढंच.

काकूंना आधी सांगितलं. त्यांनी माझे पाय धरले. 'त्यास्ले सांगू नको, माय. पोटभर जेवतस. माले तेवढंच पुरे शे.'

हिरड्यांतून रक्त येत होतं त्यांच्या, बोलताना.

२५ मार्च

लॅब. दुपार. जिन्यावर पाय वाजताहेत. दोघांचे.

बाकावर बसलेत. काकू त्यांच्या मागून मला मान हलवून नको नको म्हणताहेत. मी लिहिते आहे म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार नाही.

विचारलं त्यांनी.

उठते.

सांगितलं.

सांगितलं सगळं. २३ फेब्रुवारी. मोरी. पायरी. रिपोर्ट नॉर्मल होता तरी लिव्हर गेलेलं होतं, मला कळायला हवं होतं, तळवे मी पाहिले होते, तारीख मीच चुकवली. टेबलाला धरून उभी राहून सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग बाही खाली केली, बटण लावलं. मला वाटलं, सुटले. सगळे सुटलो.

मग त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. तळवा उलटून बघितला. आणि मला विचारलं — किती हळू, किती साधेपणाने —

'मंग हिना रिपोर्ट बी नॉर्मलच व्हता ना?'

टेबलावरचा काकूंचा रिपोर्ट मी वहीखाली सरकवला. 

ते उठले. काकूही उठल्या, हात न सोडता. काकू रडत नाहीत. माझ्याकडे बघताहेत, नवल वाटल्यासारखं.

दारापर्यंत गेले. मी हाक मारते आहे. वळत नाहीत. जिना — काकू, थांबा, तुमचं तसं नाही, मी नीट बघते, पुन्हा बघते, काकू, तुमचं लिव्हर —