‘श्री.’ की ‘चि.’

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
४ मार्च १९८६

॥ श्री ॥

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नव्या घरातून हे पहिलंच पत्र. मायना वाचून चष्मा पुसलास ना? चव्वेचाळीस वर्षं तुला ‘रा. रा. विष्णुपंत’ लिहिणाऱ्या धाकट्या भावाला आज झालं तरी काय!

दोष नातीचा. आमच्या नीलाला शाळेत निबंध आहे. इथल्या तेरा वसाहती इंग्रजांवर उठल्या, मग शेजारची नोव्हा स्कोशिया राजाशी एकनिष्ठ का राहिली? ते लोक भित्रे होते का, असं तिनं विचारलं आणि मी ताडकन हो म्हणालो. तिनं पुस्तकच पुढे केलं. तिथली निम्मी माणसं बंडवाल्यांच्याच मुलखातली, भाऊबंद. पण दारात इंग्रजांचं आरमार आणि पोटही त्याच्यावरच. नीला म्हणाली, आजोबा, ते भित्रे नव्हते, नुसते स्टक झाले होते.

मला तू आठवलास. बेचाळीसला मी कचेरीवर मोर्चा आणला, तेव्हा तू आत टेबलाशी बसून होतास. चार माणसांत मी तुला राजनिष्ठ म्हणून हिणवलं. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, मी तुरुंगात. घरची चूल कोण पेटवतंय, हे मी कधी विचारलंच नाही. तुरुंगात तुझं पत्र आलं, त्यात ‘चि. गुरू’चं ‘श्री. गुरुदत्त’ झालेलं. मग मीही ‘रा. रा.’ सुरू केलं. राजमान्य हा शब्द तुला टोचावा म्हणूनच.

दादा, मी चुकलो. उत्तरात एकदा ‘चि.’ लिही. बाकी काही नको.

मालिनीवहिनींना नमस्कार. रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
गुरू


कऱ्हाड
२३ मार्च १९८६

चि. गुरुदत्तभावजींस, अनेक आशीर्वाद.

वर ‘श्री’ घातलेलं नाही, त्यावरून काय ते समजला असाल. हे आठ तारखेला सकाळी गेले. चहाचा कप हातातच होता. तुमचा नवा पत्ता कुणाकडेच नव्हता, म्हणून तार करता आली नाही. दहाव्या दिवशी तुमचं पत्र आलं, ते मी ह्यांच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचलं.

भावजी, ते ‘श्री.’ रागाचं नव्हतं हो. तुमच्याशी संबंध ठेवणार नाही, असं कचेरीत ह्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. तुरुंगातली पत्रं उघडून वाचत. आईंची खुशाली तर कळवायची, म्हणून परक्यासारखा मायना घातला. पुढे तुमचं ‘रा. रा.’ आलं. हे म्हणाले, गुरू मोठा झाला, आता ‘चि.’ त्याला आवडायचं नाही. फार लागलं होतं ते त्यांना.

कुठलंही पत्र आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं, ही ह्यांची कचेरीतली सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे कागद कपाटात सापडले. एकूण एक ‘चि. गुरू’नं सुरू होतात. मग ते खोडून वर ‘श्री.’ लिहिलंय. शेवटचा, दिवाळीचा कागद सोबत पाठवते.

नीलाला माझा आशीर्वाद. आता वहिनीवर तरी माया ठेवा.

तुमची,
मालिनीवहिनी

ता. क. असलं अशुभाचं पत्र वाचून फाडून टाकायचं असतं, तसं हे टाका. ह्यांचा कागद मात्र ठेवा.