पट्टा माझ्या छातीला

ताई,

फोनवर तुला "सगळं ठीक आहे" असंच सांगितलं. खरं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी मला हार्ट अटॅक आला. घाबरू नकोस, आता मी ठणठणीत आहे.

दवाखाना लांब, म्हणून व्यायाम घरीच करते. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधायचा, समोर टॅबलेट ठेवायचा. पडद्यावरची फिजिओथेरपिस्ट तिकडून माझे ठोके बघत मला चालवते. ह्यांनी मात्र मला तळहातावरच्या फोडासारखं जपायला घेतलं. साधी बादली उचलू देईनात. एकदा व्यायाम चालू असतानाच येऊन तिच्यावर ओरडले, "पुरे! जीव घेता का तिचा?"

ती हसली. "काका, तुम्हीही चाला काकूंबरोबर. भीती जाईल."

हे तावातावाने चालू लागले आणि थोड्याच वेळात खुर्ची धरून उभे राहिले. दुसरा हात छातीवर. तिचं हसू मावळलं. "काका, बसा. छातीत दुखतंय?"

"महिनाभर दुखतंय," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिच्या आजारपणात कुठे सांगत बसू?"

मी तशीच, पट्ट्यासकट, ह्यांना दवाखान्यात घेऊन गेले. वेळेवर स्टेंट बसला. आता व्यायाम दोघांचा.

हे पत्र टाकलं तर तू मिळेल त्या गाडीने येशील आणि दोघांनाही अंथरुणाला खिळवशील. म्हणून कपाटातच ठेवते.

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या मागून चालत आले. काल दोघं फिरायला गेलो, तर चढावर पहिल्यांदाच मागून हाक आली, "अगं, थांब ना जरा!"

तुझी,
धाकटी