पूल टाकणारी गाडी

प्रिय बारक्या,

तुझ्या लष्करी गाडीखाली तो जवान गेला. चौकशीत तू म्हणालास, "गाडीवरचा घडीचा पूल आड आला, जवान दिसलाच नाही." तेच सिद्ध करायला मी त्या गाडीचं मॉडेल करायला घेतलं. तीन महिने एकेक तुकडा मापात घासला, रंगवला. मग चालकाच्या खिडकीतून त्याच्या नजरेच्या रेषेत दोरा ताणला. तो पुलाला कुठेच न अडता थेट समोर ठेवलेल्या छोट्या जवानाच्या छातीला टेकला. पाचदा ताणून पाहिला.

आईने विचारलं, "झाली का गाडी? उद्या वकिलांना द्यायचीय ना?"

"रंग ओला आहे अजून," मी म्हटलं.

रंग परवाच वाळलाय. हे पत्र पाठवायचाही धीर होत नाही. तूच खरं बोल रे, मला बोलायला लावू नकोस.

तुझीच,
ताई