चार बोटं छप्पर

पौड, रविवार, मार्च १९६१

गाडी आजही विकली गेली नाही. राग येतोय तो स्वतःचाच.

धरणावरच्या साहेबानं टाकून दिलेली ती जुनी दोनदारी गाडी. दोन वर्षं खपून तिला ट्रकचं इंजिन बसवलं, पुढचे मडगार्ड काढले, छप्पर चार बोटं कापून खाली घेतलं. नुसती उभी असली तरी पळतेय असं वाटतं. ती विकून गॅरेजसाठी सुटे भाग कातायचा लेथ घ्यायचा होता.

कासारसाईचे पाटील पोराच्या वरातीसाठी गाडी बघायला आले. इंजिनाचा आवाज ऐकून खूष झाले. मग आत बसायला गेले आणि छपराला घासून फेटा डोळ्यांवर आला. शांतपणे बाहेर आले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "गाडी लई नामी हाय. पन नवरदेवाला काय बोडका बसवू?"

चार बोटं. माप घ्यायला आत मीच बसायचो, तेही उघड्या डोक्यानं. या मुलखात डोकं झाकल्याशिवाय कोण बाहेर पडतं, एवढंही मला सुचू नये?

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. आबा मुंडासं सोडत होते. दोन वर्षांत ते माझ्या गाडीत एकदाही बसलेले नाहीत. "मला मोटार लागती," म्हणायचे. दर आठवड्याला एसटीनं पुण्याला जातात, तेव्हा कशी लागत नाही, हे मी कधी विचारलंच नाही.