मातीला खोळंबा

अण्णा, आई परवा सकाळी गेली आणि अजून घरातच आहे. तुम्ही असतात तर तुम्हाला हे पटलं नसतं. आता गारवा धरणारी काचेची पेटी भाड्यानं मिळते. हॉलमध्ये ती घरघरतेय आणि आई तिच्यात झोपलीय. धाकटा परदेशात, अग्नी मुलानंच द्यायचा, म्हणून सगळे थांबलेत. सगळे म्हणजे मी एकटी.

पिशोरला आजोबा गेले तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. काका सोयगावला नोकरीला, त्यांना निरोप पोचायचा होता. लोक म्हणाले, थांबू. तुम्ही अंगणात तिरडी बांधताय, मान वर न करता म्हणता, "मातीला खोळंबा नसतो. त्यो आल्यावर राखंच्या पाया पडंल." मी लहान, भुकेनं कुरकुरले तर माझ्यावरच उखडलात. "घरात माती हाय अन् तुला खायाचं सुचतंय? उचलल्याबिगर चूल पेटत नसती." तेव्हा ते निभलं, कारण उन्हं उतरायच्या आत आजोबांना नेलं होतं आणि शेजारून पिठलं-भाकरी आली होती.

पण उचलायचंच लांबलं तर चुलीनं काय करायचं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. पहिल्या दिवशी बिल्डिंगमधले सगळे आले, बसले, घरी जाऊन त्यांनी अंघोळी केल्या. एकदा अंघोळ झाल्यावर परत कोण येतं? कुणी डबा दिला, काल तोही नाही. मी गॅसकडे बघत बसते आणि पाणी पिते. रडूही येत नाही. हंबरडा फोडायचा तो उचलताना, हे अंगात मुरलंय. मला वेड लागेल, अण्णा. खरंच लागेल.

आज शहागंजातल्या आपल्या जुन्या घराशेजारच्या खाला काठी टेकत आल्या. पेटी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "मय्यत को इत्ता नै रोकते बेटा. कब तक रखती माँ को ऐसा?" मी म्हटलं, भाऊ यायचाय. "आएगा तो आएगा," त्या म्हणाल्या, "तू हय ना."

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "ताई, पुढचं विमान चुकलं गं. अजून एक दिवस थांब. एवढा हक्क तरी ठेव माझा." तो रडत होता. त्याचं तरी काय चुकतं? तुमचं ते राखेचं वाक्य त्याला ऐकवायचा धीर मला झाला नाही. मी म्हटलं, "लाईट गेलीय रे. पेटी बंद पडलीय. आता आईला ठेवता यायचं नाही." मग तो म्हणाला, "तूच दे अग्नी."

आईला न्यायला गाडी निघालीय. खाला आईजवळ बसल्यात आणि मी आत हे लिहीत बसलेय. हा कागद कुणाला पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय. लाईट गेली नव्हती, अण्णा. पेटीचं बटण मी बंद केलं.